तिथं आपलं कोण हाय? – एका गलाई कुटुंबातल्या दोन स्थलांतरांचं प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाचं आहे. नर्सिंग पूर्ण केलेल्या मुलींना नोकरीबाबत मार्गदर्शन करण्याच्या कामातून त्या घराशी माझा संबंध आला. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. माणसांचा उल्लेख नात्यांनीच केला आहे. थोरले भाऊ म्हणजे तात्या, ते केरळात गलाईचं, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं दुकान चालवतात. धाकटे आण्णा गावी शेती पाहतात. निर्णय घ्यायचा होता तो आण्णांच्या मुलीचा आणि त्याच वर्षी तात्यांच्या मुलाचा.

पार्श्वभूमी

खानापूर, आटपाडी आणि त्यांना लागून असलेले साताऱ्याचे माण, खटाव हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. कोयनेच्या खोऱ्यात कोसळणारा पाऊस इथवर येईतो संपलेला असतो. टेंभू योजनेचं पाणी शिवारात पोचलं ते अलीकडं. त्याआधीच्या तीन-चार पिढ्या घरटी एक-दोन माणसं बाहेर धाडूनच जगल्या.

बाहेर म्हणजे कुठं, याला मात्र एक शिस्त आहे आणि ती नकाशा बघून कळत नाही. पाटण, जावळीकडची माणसं मुंबईला गेली, गिरणीत आणि माथाडीत. विट्याच्या आसपासची गावं गेली सोन्या-चांदीच्या गलाईत. त्यातही एका गावची माणसं तमिळनाडूत, शेजारच्या गावची पंजाबात, तिसऱ्या गावची बंगालमध्ये. दोन गावांत दोन-चार मैलांचं अंतर, पाऊसपाणी एक, जमीन एक, तरी ठिकाणं दीड-दोन हजार किलोमीटरनं वेगळी. दुष्काळ माणसाला घराबाहेर काढतो एवढंच. पुढं ते माणूस कोइंबतूरला जाणार की अमृतसरला, हे दुष्काळाला विचारून उपयोग नाही.

गलाईचं दुकान म्हणजे सराफ बाजाराच्या मागल्या गल्लीतली एक लहान खोली. भट्टी, मूस, तेजाब, तराजू. सराफाकडून मोडीचे दागिने येतात. ते वितळवायचे, त्यात चांदी मिसळायची, मग तेजाबात उकळायचं. चांदी आणि इतर धातू विरघळतात, सोनं तळाशी राहतं. ते धुऊन, पुन्हा वितळवून शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची. तेजाबात गेलेली चांदीही परत काढून घेतात. मजुरी तोळ्यावर मिळते, आणि ती फार नसते.

या धंद्यात दुसऱ्याचं सोनं दिवसभर हातात असतं. म्हणून दुकानात ठेवायचा पोऱ्या कामाला चपळ असून भागत नाही, तो धरता येईल असा लागतो. उद्या पोऱ्यानं लगड घेऊन पोबारा केला, तर परमुलखातल्या पोलिसांकडं जाण्याआधी गावी त्याच्या बापाच्या दारात जाऊन बसता आलं पाहिजे. म्हणून भाचा, पुतण्या, मेहुणा, फार तर गावातला सोयरा. पोऱ्या पाच-सहा वर्षं भट्टी फुंकतो, भाषा शिकतो, सराफांच्या ओळखी करतो. मग शेठच त्याला शेजारच्या गावात दुकान घालून देतो. पुढं तो त्याचा भाचा नेतो. एकेका गावाची माणसं एकेका मुलखात अशी पसरत गेली.

तात्या १९८० नंतरच्या काळात मामाच्या मागं त्रिशूर जिल्ह्यात गेले. त्रिशूर हे दागिने घडवण्याचं मोठं केंद्र, त्यामुळं काम भरपूर होतं. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, बाजार मोकळा झाला, आणि त्यानंतर काही वर्षांत तात्यांनी स्वतःचं दुकान घातलं. आण्णा गावी राहिले. म्हातारे आईबाप, जमीन, जनावरं आणि देव सांभाळायला कुणीतरी लागतंच. या भागातल्या घरांत ही वाटणी न बोलता होते. केरळच्या पैशावर गावी घर बांधलं, बोअर मारली, डाळिंब लावलं. चैत्रातल्या जत्रेला दुकानं बंद करून सगळी गलाई मंडळी गावी येतात. लग्नं, वाटण्या, भांडणं, सगळं त्या आठ-दहा दिवसांत उरकतं.

आण्णांची मुलगी मिरजेजवळच्या एका कॉलेजातून बी.एस्सी. नर्सिंग झाली. मिरज शंभर वर्षांहून जास्त काळ दवाखान्यांचं गाव आहे, त्यामुळं मुलीनं नर्स होण्याला घरात विरोध झाला नव्हता. "दवाखाना तर मिरजेतच हाय," एवढ्यावर विषय मिटला होता.

अडचण

२०२३ च्या जत्रेत घरापुढं दोन प्रश्न एकदम आले.

पहिला दुकानाचा. जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं. दागिन्यावरच शुद्धता छापून येऊ लागली. मोठ्या पेढ्यांनी टंच काढायची, म्हणजे सोन्याची शुद्धता मोजायची यंत्रं बसवली, जुनं सोनं परस्पर मोठ्या रिफायनरीत जाऊ लागलं. तात्यांच्या दुकानातलं काम निम्म्यावर आलं. मुलगा बी.कॉम. होऊन दोन वर्षं दुकानातच बसत होता. त्याला पुढं कुठं बसवायचं, हे ठरवायचं होतं.

दुसरा मुलीचा. मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात तिला पंधरा हजार मिळत होते आणि रात्रपाळ्या वाट्याला येत होत्या. तिनं आण्णांना सांगितलं, मला जर्मनीला जायचं आहे. तिच्या वर्गातल्या दोघींनी जर्मन शिकायला सुरुवात केली होती.

आण्णांनी एकच विचारलं, "तिथं आपलं कोण हाय?"

माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. पगार किती, हा चौथा किंवा पाचवा. कॉलेजात भरती करणारे लोक येतात तेव्हा मात्र पडद्यावर पगारांचे तक्ते दाखवतात, युरोचे रुपये करून. पालक मान डोलावतात आणि घरी जाऊन नको म्हणतात. मग हे भरतीवाले म्हणतात, ग्रामीण लोक मागासलेले.

समोरचे पर्याय

सरकारी नोकरी हा आण्णांचा आवडता पर्याय. जिल्हा परिषद, शासकीय रुग्णालयं, किंवा एम्सची सामायिक परीक्षा. जागा कमी आणि उमेदवार फार, हे त्यांना माहीत होतं. पण सरकारी म्हटल्यावर मुलगी भोपाळला गेली काय किंवा रायपूरला, त्यांची हरकत नव्हती. तिथं आपलं कोण, हा प्रश्न त्यांनी या पर्यायापुढं एकदाही ठेवला नाही. सरकार त्यांच्या हिशोबात भावकीसारखंच होतं. काही झालं तर कुणाच्या तरी दारात जाऊन बसता येतं.

पुण्यातलं मोठं खासगी रुग्णालय. हडपसरला आत्या होती, म्हणून चालण्यासारखं. मुलीनं हिशोब मांडला: मिरजेपेक्षा सात-आठ हजार जास्त, त्यातले बरेचसे राहण्या-खाण्यात जाणार, आणि आत्याच्या घरात राहायचं म्हणजे सुनेसारखं राबायचं. हे शेवटचं तिनं मला सांगितलं, आण्णांना नाही.

आखात. अनुभव झाल्यावर सौदी किंवा कुवेतला जाणं जर्मनीपेक्षा सोपं पडलं असतं. नवी भाषा शिकायची अट नाही. शिवाय अशा देशांसाठी २०१५ पासून नर्सभरती सरकारी यंत्रणेतूनच व्हावी असा नियम झालेला, म्हणजे फसवणुकीची धास्तीही तुलनेनं कमी. घरात या पर्यायावर चर्चाच झाली नाही. आखात म्हणजे टीव्हीवर ऐकलेल्या पासपोर्ट काढून घेतल्याच्या बातम्या आणि परका धर्म, विषय संपला. रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या कोकणी मुसलमान घरात हाच प्रश्न आला असता तर आखात यादीत पहिलं असतं, कारण तिथं प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी जहाजावर, आखातात, आणि काहींचं तर एकोणिसाव्या शतकापासून केपटाउनमध्ये आहे. विटा आणि रत्नागिरीत फार तर दीडशे-दोनशे किलोमीटरचं अंतर. मध्ये घाट आहे, आणि घाटाच्या दोन्ही बाजूंना जगाचे नकाशे वेगळे आहेत.

लग्न. गलाईत स्थिरावलेला मुलगा बघायचा. दोन स्थळं आली होती, एक मदुराईचं, एक उत्तर प्रदेशातलं.

आणि जर्मनी. वर्ष-सव्वा वर्ष भाषा, बी-२ पातळीपर्यंत, म्हणजे सहा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीपर्यंत. मग तिथल्या राज्याच्या कार्यालयाकडून पदवीची तपासणी. पूर्ण मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून काम आणि सोबत अभ्यासक्रम किंवा परीक्षा. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त, पण पुढची वाट पक्की. मान्यता मिळाली की तीच नर्स, तोच दर्जा.

जत्रेतली बैठक

बैठक झाली घराच्या माडीवर. तात्या, आण्णा, दोघांच्या बायका, आजी, आणि मुलीचे मामा. मुलगी चहा देऊन गेली, बसली नाही. हा तपशील मला तिच्या आईनं सांगितला. बाकी बैठकीचं वर्णन तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं, आणि ते बऱ्यापैकी जुळतं.

तात्या जर्मनीच्या बाजूनं बोलतील असं कुणाला वाटलं नव्हतं. पण त्यांनी चाळीस वर्षं काढली ती त्रिशूरकडं. त्यांच्या गल्लीत, पुढच्या घरात, दुकानाच्या मालकाच्या घरात नर्स मुली परदेशी गेलेल्या. केरळातून नर्सेस पश्चिम जर्मनीला जायला लागल्या त्या १९६० च्या दशकात, कॅथलिक चर्चच्या ओळखीतून. तिथंही सुरुवातीला "आपलं कोण" याचं उत्तर लागत होतंच, ते पाद्रीबाबा आणि नन देत होत्या. नंतर आखात, मग इंग्लंड, आयर्लंड. २०२१ मध्ये केरळ सरकारच्या संस्थेनं जर्मनीशी नर्सभरतीचा करारच केला. तात्यांच्या लेखी मुलगी नर्स झाली म्हणजे परदेशी जाणार, यात विशेष काही नव्हतं. ते त्या मुलखात पैसे मिळवायला गेले होते आणि जग बघण्याची तिथली रीतही घेऊन आले होते. स्वतःच्या नकळत, असं मला वाटतं, कारण जेवणात आजही त्यांना भाकरीच लागते आणि मल्याळी लोकांबद्दल ते सतत कुरकुर करतात.

एकाच घरातल्या दोन भावांपैकी एकाला तो देश शेजारचा वाटत होता आणि दुसऱ्याला अंधारातला. शिक्षण दोघांचं दहावीपर्यंतच. फरक फक्त कुठल्या गल्लीत आयुष्य गेलं याचा.

तात्यांच्या सांगण्यानं आण्णा हलले नाहीत. "तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही बापय माणूस." इथं थोरल्या काकी, म्हणजे तात्यांच्या बायको बोलल्या. त्यांचं वाक्य तिघांनीही मला जवळजवळ सारखंच सांगितलं: "मी एकोणीस वर्साची हुते. भाषा येत न्हवती, मानूस वळखीचं न्हवतं. एका रात्रीत तुम्ही मला तिकडं धाडली. तवा कुनी इचारलं न्हाय तिथं हिचं कोन हाय."

कुणी तरी म्हणालं, नवरा होता की. काकी म्हणाल्या, लग्नाआधी त्याला एकदाच बघितलं होतं.

भारताच्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून मोजले गेले. त्यात बाया जास्त, आणि त्यांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न. या घरातून तीन पिढ्यांत पाच बाया हजार किलोमीटरपलीकडं गेल्या होत्या. घरच्या बोलण्यात मात्र "बाहेर गेले" ते पुरुष. मदुराईचं स्थळ आण्णांना जवळचं वाटत होतं आणि पुण्याचं वसतिगृह लांबचं, याचं कारण हेच. बाई कुणाच्या तरी हवाली होऊन गेली की अंतर मोजायचंच नसतं.

बैठकीत निर्णय झाला नाही. आजींनी एक तोडगा काढला: "आधी भाषा तर शिकू दे. आली न्हाय तर आपसूक ऱ्हाईल." मुलगी अपयशी होईल या आशेवर मिळालेली परवानगी होती ती. पण परवानगी होती.

केलेल्या गोष्टी

मुलीनं नोकरी सोडून पुण्यात जर्मनचा वर्ग धरला. राहायला मुलींचं वसतिगृह. आत्याचं घर तिनं टाळलं आणि कारण दिलं की वर्गापासून लांब पडतं. खर्चाचा निम्मा भाग तात्यांनी उचलला.

याच सुमारास आण्णांनी स्वतःहून एक पाऊल टाकलं आणि तिथं घोटाळा झाला. शेजारच्या तालुक्यातला एक जण परदेशी नर्सेस पाठवतो असं त्यांना कळलं. मेहुण्याच्या ओळखीचा, आपल्याच भागातला, आडनावही सोयऱ्यांतलं. आण्णांनी त्याला पन्नास हजार आगाऊ दिले आणि मुलीची मूळ प्रमाणपत्रंही. मुलीला नंतर सांगितलं.

आण्णा निष्काळजी नव्हते. त्यांनी आयुष्यभर जी कसोटी वापरली तीच लावली: माणूस आपल्या भागातला आहे का? पण गलाईतल्या पोऱ्याच्या मागं घर, जमीन, आईबाप आणि गावाची जीभ असते. या एजंटाच्या मागं तसलं काही नव्हतं. कार्यालय भाड्याचं, कुटुंब मुंबईला, गावी पडकी भिंत. ओळख होती, धरायला काही नव्हतं. दोन्हीतला फरक आण्णांना इतर कुठल्याही व्यवहारात एका मिनिटात कळला असता. परदेशाचा विषय निघाला आणि ते आपल्याला यातलं काही कळत नाही असं धरून बसले.

एजंटानं चार महिने फोन घेतले, नंतर घेईनासा झाला. तेव्हा मुलगी माझ्याकडं आली. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाकडं असावी लागते, आणि ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. या माणसाचं नाव यादीत नव्हतं. जर्मनीत तर परदेशी नर्सभरतीसाठी सरकारमान्य मुद्रा आहे, आणि ती मिळवलेल्या संस्था उमेदवाराकडून पैसेच घेत नाहीत, खर्च रुग्णालय उचलतं. प्रमाणपत्रं परत मिळवायला पोलिसांत अर्ज द्यावा लागला. पन्नास हजारांतले वीस परत आले.

आण्णांनी त्या दिवशी जर्मनी बंद, असं जाहीर केलं.

प्रकरण परत रुळावर आलं ते दोन गोष्टींनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्याची बातमी आण्णांनी पेपरात वाचली. मुलगी त्या योजनेतून जाणार नव्हती. तरी "सरकारच माणसं पाठवतंय" या एका वाक्यानं बराच फरक पडला. एजंटामुळं गेलेली पत सरकारनं थोडी भरून काढली.

दुसरी गोष्ट काकींनी केली. त्यांच्या शेजारच्या मल्याळी ख्रिस्ती कुटुंबातली मुलगी जर्मनीतल्या याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातल्या एका शहरात सात वर्षं नर्स होती. काकींनी तिच्या आईला आपल्या घरी बसवून, आण्णांना व्हिडिओ कॉलवर घेऊन बोलणं करून दिलं. काकी मल्याळममधून मराठीत सांगत होत्या. त्या बाईंनी आण्णांना सांगितलं की तुमची मुलगी पहिले पंधरा दिवस आमच्या लेकीकडं राहील.

मुलीनं आधी म्युनिक, फ्रँकफर्टकडच्या मराठी मंडळांचे नंबर काढून आण्णांना दाखवले होते. मराठी माणसं आहेत, गणपती बसवतात, अडीनडीला धावतील. आण्णांवर काडीचा परिणाम झाला नव्हता. "ती पुण्या-मुंबईची मोठी लोकं. आपल्याला कशाला वळखतील?" जात वेगळी, धर्म वेगळा, भाषा वेगळी असलेली केरळची बाई मात्र त्यांना चालली. तीस वर्षं तिच्या आणि काकींच्या घरातून वाट्या जात-येत होत्या, आणि तिचं दार तात्यांच्या दारासमोर होतं. स्थलांतरावर बोलताना आपण संस्कृती म्हणजे भाषा, अन्न, सण असं धरून चालतो. या घरानं ठिकाण निवडताना त्यातलं काहीही पाहिलं नाही. ते बघत होते, उद्या जाब कुणाला विचारायचा.

बी-२ ची परीक्षा चार भागांत होते: वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं. मुलीचं लिहिणं पहिल्यांदा राहिलं, दुसऱ्या खेपेला निघालं. दोन रुग्णालयांकडून पत्रं आली. एक पूर्वेकडच्या सॅक्सनीतलं मोठं रुग्णालय, राहायला जागा देणारं. दुसरं त्या मल्याळी नर्सच्या शहरापासून रेल्वेनं तासाभरावर, लहान, जागा स्वतः शोधायला लावणारं. तिनं दुसरं घेतलं.

हे मला अनपेक्षित होतं. सुरुवातीला एकदा मी तिला विचारलं होतं, जर्मनीच का. ती म्हणाली होती, तिथं आमचं कुणी नाही म्हणून. भावकी जिथं पोचलेली नाही असं ठिकाण तिला हवं होतं. गलाईचं जाळं मुलांना दुकान मिळवून देतं, मुलीच्या मागं मात्र त्याच जाळ्याचे डोळे असतात. तरीही दोन गावांत निवड करायची वेळ आली तेव्हा तिनंही कुणीतरी असलेलं गाव घेतलं. मी विचारलं, तर म्हणाली, "ती मला ओळखते, आमच्या लोकांना नाही." आण्णांचीच कसोटी तिनं वापरली, फक्त स्वतःच्या मापानं कापून.

निष्पत्ती

२०२५ च्या सुरुवातीला ती गेली. सध्या सहायक म्हणून काम करत मान्यतेचा अभ्यासक्रम पुरा करते आहे. मान्यता अजून हातात आलेली नाही. पहिला हिवाळा जड गेला. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची बोली वर्गात शिकलेल्या जर्मनपेक्षा फार वेगळी निघाली, आणि पहिले दोन महिने तिला फोन उचलायची भीती वाटत होती. पंधरा दिवसांसाठी गेलेली ती मल्याळी मुलीकडं सात आठवडे राहिली, कारण भाड्यानं जागा मिळेना. हा धोका लहान रुग्णालय घेताना दिसत होता.

तात्यांच्या मुलाचं काय झालं, हेही या प्रकरणाचाच भाग आहे. त्याला केरळातल्या मित्राकडून दुबईतल्या एका दागिन्यांच्या पेढीत नोकरी सांगून आली होती. पगार चांगला होता. घरात कुणी जा म्हटलं नाही, त्यालाही जावंसं वाटलं नाही. दुबईत नोकर, इथं शेठ. तो ओडिशातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी मावशीच्या दिरांच्या ओळखीनं गलाईचं दुकान घालून बसला आहे. नवी भाषा, नवी पेठ, बापानं चाळीस वर्षांपूर्वी केलं तेच पुन्हा. तिथं आपलं कोण, याचं उत्तर तयार होतं, म्हणून बैठक दहा मिनिटांत आटोपली. पहिल्या वर्षी भाडं आणि जेवण सुटलं, एवढंच.

वेगळं काय करता आलं असतं

मुलीच्या निर्णयावर वर्षभर खल झाला, मुलाच्या निर्णयावर जवळजवळ झालाच नाही. माझ्या मते प्रकरणातली सगळ्यात मोठी फट ही. हॉलमार्किंगनं त्रिशूरचं दुकान खाल्लं, ते ओडिशातलं खाणार नाही असं समजायला काय आधार होता? तिथं ते उशिरा पोचेल, पण पोचेल. जे ठिकाण ओळखीचं असतं त्याची चौकशी कुणी करत नाही. मुलीच्या जर्मनीला लावलेले निम्मे प्रश्न मुलाच्या दुकानाला लावले असते, तर कदाचित तो तिथंच गेला असता, पण पुरता विचार करून. टंचयंत्र घेऊन हॉलमार्किंग केंद्रात भागीदारी करण्याचा एक पर्याय त्रिशूरमध्येच होता. तो बैठकीत आलाच नाही, कारण त्यात परक्या माणसाशी भागीदारी होती.

एजंटाचा प्रसंग टळण्यासारखा होता. आण्णांना नियम माहीत नव्हते, ते ठीक. पण त्यांना नियम समजावण्यापेक्षा त्यांच्याच भाषेत विचारणं जास्त उपयोगी पडलं असतं: हा पळाला तर कुणाच्या दारात बसाल? आता पालकांशी बोलताना मी हाच प्रश्न आधी विचारायला सांगतो, आणि ई-मायग्रेटची यादी त्यानंतर उघडतो. यादीतलं नाव म्हणजे सरकारकडं असलेलं एक दार, असं म्हटलं की लोकांना ते लगेच पटतं.

मल्याळी शेजाऱ्यांचा धागा पहिल्या दिवसापासून घरात होता. तो वापरायचं सुचायला वर्ष गेलं, कारण बैठकीत "आपलं माणूस" शोधताना सगळे भावकीत शोधत होते. दुसऱ्या राज्यात पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या गलाई घरांकडं असे धागे भरपूर आहेत आणि ते बहुतेक बायांच्या हातात असतात: शेजारणी, मुलांच्या शाळेतल्या आया, दवाखान्यातल्या ओळखी. पुरुषांच्या ओळखी सराफ बाजारापुरत्या. काकींना पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर एजंट मधे आलाच नसता.

मुलगी बैठकीत असायला हवी होती का? मला वाटतं, त्या बैठकीत नाही. तिथं तिचं खरं कारण तिला बोलता आलंच नसतं, आणि बोलली असती तर परवानगी गेली असती. पण वडिलांशी एकटीनं बोलायची संधी तिला कुणीतरी करून द्यायला हवी होती. आजही आण्णांना वाटतं, ती पगारासाठी गेली.

लग्नाचा विषय मिटलेला नाही. मदुराईचं स्थळ दुसरीकडं जमलं. मागल्या जत्रेत आण्णांना दोन स्थळांकडून विचारणा झाली, दोन्ही मुलांची अट एकच: लग्नानंतर तिकडं नेणार का. आण्णांनी अजून कुणालाच उत्तर दिलेलं नाही, आणि मुलीला हे विचारलेलंही नाही.